जोड दिलेली कॉइल

"मॅडम, लवकर या. लोक चौकीत शिरलेत, लखनला आमच्या ताब्यात द्या म्हणतात."

हवालदार गोरक्षचा फोन ठेवला आणि उज्वला देवरे हातातला चहा तसाच सोडून निघाली. ती विद्युत निरीक्षक होती. विजेने माणूस गेला की कारण शोधायचं, हे तिचं काम. अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट.

आदल्या दिवशी पहाटे पंचवटीतल्या एका दोन खोल्यांच्या घराला आग लागली. आई कुसाबाई नळावर पाण्याला, बाप पुंजाराम मार्केट यार्डात हमालीला गेलेला. घरात एकटी त्यांची मुलगी स्नेहल होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती धुरात गुदमरून गेली. माळ्यावरची वायर तापून बारदानाने पेट घेतला, एवढं उघड होतं. वायरिंग वायरमन लखनने केलेलं, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटलं आणि पोलिसांनी त्याला आत टाकलं.

उज्वला आधी त्या जळालेल्या घरी गेली. गोरक्षलाही तिने चौकीतून तिथेच बोलावून घेतलं.

"लखन काय म्हणतो?"

"म्हणतो, दिवा, पंखा आणि हजार वॉटची शेगडी एवढ्यापुरती वायर टाकली. पण मॅडम, फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार सापडली. ती मी घातलीच नाही म्हणतो."

"आग विझल्यावर इथे कोण होतं?"

"लखन धावत आला होता. 'या वायरीवर कुणी काय चालवलं?' असं ओरडत होता. रात्री पुंजाराम एकटाच इथे बसून राहिला. पोरीच्या घरातून उठवेना त्याला."

विजेची शेगडी त्या दिवशी सकाळच्या पंचनाम्यात नोंदलेली, साधी, मातीच्या ताटलीवर कॉइल बसवलेली. उज्वलाने ती शेजारच्या बोर्डाला लावून मोजली. व्होल्टेज दोनशेवीस, करंट चार पॉइंट चार अँपिअर. भागाकार केला: रोध पन्नास ओहम. गुणाकार केला: नऊशे अडुसष्ट वॉट.

"म्हणजे हजाराच्या आतच," गोरक्ष म्हणाला. "शेगडीचा दोष नाही. लखन अडकला."

उज्वलाने शेगडी उजेडात धरली. ताटलीच्या खाचांत काजळी होती. काजळीवर बसलेली कॉइल मात्र स्वच्छ होती.

कुसाबाई ओट्यावर बसली होती. सुरगाण्याकडून पोटासाठी शहरात आलेली बाई. रडून रडून आवाज बसला होता.

"शेगडी नीट चालायची का, बाई?"

"लय भारी चालायची. आदी चहाला येळ लागायचा. आता ठेवला का उकळला. पोरगी हसायची. म्हनायची, आबा दुरुस्त करत्यात तशी ती जास्तच तापती."

"दुरुस्त काय करायचे?"

"तार तुटायची. हे जोडून द्यायचे."

 उज्वलाला उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळालं नसतं तर बरं, असं वाटून गेलं. पण कोठडीत एक निरपराध माणूस मार खायच्या बेतात होता.

पुंजाराम भिंतीला टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"पुंजारामदादा, जुनी कॉइल कुठंय?"

"कंची जुनी?"

"आगीत सापडलेल्या कॉइलवर काजळी असते. हिच्यावर नाही. काजळी हिच्या खाली आहे. ही आगीनंतर बसवली आहे. रात्री घरात तुम्हीच होतात."

 पुंजारामने बंडीच्या खिशात हात घातला आणि काळी पडलेली कॉइल काढली. ती ताणून ताणून सैल झाली होती आणि जागोजागी पीळ मारलेले होते.

"फेकवंना म्याडम. तिचा चहा व्हायचा हिच्याव."

उज्वलाने ती ताटलीत बसवून मोजली. व्होल्टेज तेच. करंट आठ पॉइंट आठ.

"तार तुटली की तुम्ही तुटका तुकडा काढून टाकायचे आणि उरलेली ताणून जोडायचे," ती हळू बोलली. "तार आखूड झाली की रोध कमी होतो. पन्नासाचा पंचवीस झाला, म्हणून करंट दुप्पट, शक्तीही दुप्पट. चहा लवकर उकळायचा तो त्यामुळे. फ्यूज सारखा जायला लागला, तेव्हा तुम्ही तांब्याची तार घातलीत. मग तो सगळा भार लखनच्या बारक्या वायरीवर आला."

"मला वाटायचं, तार कमी तर वीज कमी लागंल," पुंजाराम म्हणाला. "लखन वरडला तवा ध्यानात आलं. हिला कसं सांगू?" त्याने मान बायकोकडे वळवली. "म्हून नवी आनून बसवली."

"आणि लखनला आत जाऊ दिलंत."

"दिलं," तो म्हणाला.

गोरक्ष चौकीला फोन करायला उठला. कुसाबाईने त्याला थांबवलं.

"दादा, लखनला सोडा. मी त्याच्या आयला नाय नाय ते बोलले. मला तिच्या दारी जायाचंय."

मग ती नवऱ्याकडे वळली. ती ओरडली नाही.

"आवो, पोरगी गेल्याव नवी आनली. आदी का नाय आनली?"

पुंजारामने हातातली कॉइल गोंजारली.

"जळाली नव्हती ना गं ती," तो म्हणाला. "तुटलीच व्हती नुस्ती."