काळ्याचं वय आणि पाटलिणीच्या कोंबड्या

"हळद सगळीच घे. काकी ओरडली तर माझं नाव सांग," नामा म्हणाला.

"तुझं नाव सांगितलं तर आई आणखी ओरडंल," बायजा म्हणाली.

शिमग्याच्या सुट्टीत मुलं एकमेकांना रंगवतात. बायजा, तिचा चुलतभाऊ नामा आणि ठाकूरवाडीची बुधी मात्र पाटलांच्या कोंबड्या रंगवायला निघाली होती. गंमत नव्हती ती. दिवस मावळायच्या आत पाटील बायजाच्या कुत्र्याला, काळ्याला, गोळी घालणार होते.

पाटलीणबाई आनंदीबाईंच्या कोंबड्या भरदुपारी नाहीशा होत होत्या. त्यावरून सकाळी चावडीत न्याय झाला होता.

"कुंपणावरून उडी टाकून गेला कुत्रा. मी बघितला," पाटलांचा राखण्या चांगो म्हणाला.

"काळा का पांढरा?" बायजाने विचारलं.

"उडीत रंग दिसत नाय."

चांगो दुपारचा घोरतो हे गावाला ठाऊक होतं. झोपेत त्याला एवढं दिसलं हेच पुष्कळ.

"पाटील, काळ्या म्हातारा झालाय. त्याला उंबरा चढवत नाय," बायजा म्हणाली.

"म्हातारा? आगगाडी पयल्यांदा घाट चढली त्या साली झाला ना त्यो? आन् तू कवाची गं?"

"त्याच सालची."

"मंग? बारा वर्सांची तू माझ्या चिंचेवर चढतीस, आन् बारा वर्सांचा कुत्रा म्हातारा? मला शिकवतीस?"

चावडीने माना डोलावल्या. एवढा सोपा हिशेब तिथे क्वचितच होत असे.

"आन् तुमचा टायगर?" नामाने विचारलं.

"दोन वर्सांचं लेकरू त्ये. अजून वाटीनं दूध पितंय."

माथेरानच्या साहेबाकडून आणलेलं ते पांढरंशुभ्र, वासराएवढं लेकरू पाटलांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं होतं. त्याने जांभई दिली. बायजाने ते दात नीट बघून घेतले.

दुपारी पाटील ओटीवर आडवे झाले, उशाशी बंदूक. आंब्याखाली चांगोने राखण सुरू केली, म्हणजे डोळे मिटले. बुधीने तांदळाच्या कण्या टाकल्या. हाताला लागली त्या प्रत्येक कोंबडीला मुलांनी तेलात कालवलेली हळद चोपडली आणि तिघं गवताच्या गंजीमागे दडली.

टायगरने वाटी चाटून पुसली. मालकाकडे एकवार बघितलं. मग कुंपण असं ओलांडलं, की बायजालासुद्धा हेवा वाटला.

कोंबडी किंचाळली. बुधीने नेम धरून ढेकूळ हाणलं. टायगरने कोंबडी टाकली, पण तिची शेपटी तोंडातच ठेवली आणि तो मागच्या दाराने घरात पळाला. बिनशेपटीची कोंबडी फणसावर जाऊन बसली.

पाटील खडबडून उठले. "काळ्या आला. चांगो, चल."

"थांबा," आनंदीबाई बाहेर येत म्हणाल्या. "माझ्या कोंबडीला हळद कुणी लावली?"

"आमी लावली," बायजा म्हणाली. "जो धरंल त्याचं तोंड पिवळं व्हईल. आता काळ्याचं बघा."

बायजाच्या अंगणात काळ्या ऊन खात पडला होता. नाव काळ्या, पण तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं. हळदीचा टिपूस नाही. आनंदीबाईंनी त्याचा ओठ वर केला. आत झिजलेले दोन दात होते आणि तेही एकमेकांपासून लांब.

"आवो, ह्यो कोंबडी काय खातोय? ह्येला भाकर कुस्करून द्यावी लागत आसंल."

"सोंग आसंल," पाटील म्हणाले आणि बंदूक सरसावली. बायजा नळीसमोर जाऊन उभी राहिली.

एवढ्यात टायगर मालकाचा माग काढत आला. कानापर्यंत हळद माखलेली, दातात पीस. हळदीला बसलेला नवरदेवच तो.

"पाटील," बायजा म्हणाली, "दोन वर्सांचा कुत्रा म्हंजे लग्नाला आलेला गडी. आन् बारा वर्सांचा म्हंजे तुमचा आजा. कुत्र्यांची वर्सं लवकर भरत्यात."

"लेकरू हाय. चुकलं आसंल," पाटील पुटपुटले.

"गड्याला बांधून ठेवा," आनंदीबाई म्हणाल्या. "दूध बंद. बंदूक माझ्याकडं द्या. आन् पोरी, हळद माझ्या घरून घेऊन जा, आईची भरून दे. डोकं हाय तुला. आमच्या घरात नुसती पागोटीच मोप हायेत." एवढं बोलून त्यांनी नवऱ्याकडे आणि चांगोकडे बघितलं.

"माझ्या चिंचेवर परत दिसलीस तर तंगडी मोडीन," पाटील बायजाला म्हणाले. आभार मानायची त्यांची तीच रीत असावी.

ज्याचा खटला होता त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. बायजा काळ्याच्या कानाशी ओरडली, "सुटलास रं!" कान हलला नाही. तिने नाकापुढे हात धरला, तेव्हा कुठे शेपटी जमिनीवर आपटली.

एकाच साली, एकाच अंगणात दोघं रांगली होती. ती उभी राहायला शिकत होती तेव्हा हा गावभर राखण करत होता. आणि आता न सांगता पार पुढे निघून गेला होता.

हळद आणायला ती निघाली तसा काळ्याही उठला. ती एरवीसारखी धावत सुटली नाही. त्याच्या चालीने चालली.