सत्तेचाळीस नंबरची बाटली

तो पहिल्यांदा आला तोच चुकीच्या दारातून. रिकाम्या बाटल्या तळमजल्यावर मिळतात, आणि हा सरळ माझ्या सूक्ष्मदर्शकापाशी येऊन उभा! दूरच्या बेटावरच्या हवामान केंद्रात दोन वर्षांसाठी निघाला होता. तिथल्या झऱ्यांतलं, डबक्यांतलं शेवाळ आमच्या प्रयोगशाळेला पाठवायचं काम जाता जाता त्याच्या गळ्यात पडलं होतं.

“चारी बाजूंना खारं पाणी,” तो म्हणाला. “मग गोड्या पाण्यातलं शेवाळ तिथे पोचतं कसं हो?”

“वाऱ्याने. नाहीतर पक्ष्यांच्या पायाला चिकटून.”

“म्हणजे चिकटपणा हवा.”

“तो तुमच्यात दिसतोच आहे. अर्धा तास झाला, हलला नाहीत.”

तो हसला... आणि मी उगाचच भिंग पुसायला घेतलं. मग घाईघाईने कामाचं सांगितलं. बाटलीत स्पिरिट, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा आणि तारीख. “आणि पेन्सिलीनेच लिहा. पेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते.”

“महत्त्वाचं असलं तरी?”

“महत्त्वाचं असलं तर पेन्सिलच.”

“पण पेन्सिलीचं पुसलं जातं –”

“बाटलीत कोण खोडरबर घेऊन बसलंय?”

दर तीन महिन्यांनी बोट यायची. पहिल्या चिठ्ठ्या अगदी शहाण्यासारख्या होत्या. ‘झरा, उत्तर उतार, पाणी गार.’ मग मागच्या बाजूला एकेक ओळ उगवू लागली. ‘इथे पाय घसरला. तुमच्यामुळे.’ ‘आज कोणीच भेटलं नाही, म्हणून या डबक्याशी बोललो. कोणाबद्दल ते विचारू नका.’ मी रिकाम्या बाटल्यांतून उत्तर धाडलं... ‘डबक्याला माझा नमस्कार.’ एका ओळीचं उत्तर यायला तीन महिने! शेवाळाचे प्रकार मोजता मोजता आकडा चुकायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. खोटं कशाला बोलू, मला जेवण गोड लागत नव्हतं.

आठवी बोट लागली, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंना त्याचं पत्र आलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. ‘मुदत संपते आहे. केंद्रवाले आणखी दोन वर्षं राहा म्हणतात. सत्तेचाळीस नंबरच्या बाटलीत एक प्रश्न विचारला आहे. याच बोटीने उत्तर आलं तर त्याप्रमाणे करीन. नाही आलं तर राहीन.’

बाईंनी चष्मा काढला. “हा प्रश्न शेवाळाचा दिसत नाही गं.”

मी बाटली शोधली. बाकीच्या बाटल्यांतलं स्पिरिट हिरवट होतं, हिच्यातलं निळं. चिमट्याने चिठ्ठी काढली. पुढे पेन्सिलीत जागा, तारीख, सगळं शाबूत. मागे... कोरं. एक अक्षर नाही.

वेड्याने ते पेनने लिहिलं होतं! दोन वर्षांत एकदाही न चुकलेल्या माणसाने. पेन्सिलीचं पुसलं जातं ना – हे पुसलं जाऊ नये, म्हणून.

चिठ्ठी भिंगाखाली धरली, उन्हात धरली. काय विचारलं असेल? परत येऊ का? की तुम्ही इकडे येता का? की भलतंच काही – तिथे कुणी भेटलीय, असं? मनात येऊ नये ते सगळं आलं.

“बोट चारला सुटते,” काचसामान धुता धुता मावशी म्हणाल्या.

“प्रश्नच वाचता येत नाही, मावशी. उत्तर काय देऊ?”

“अगं, तुला काय द्यायचंय ते दे की. त्याच्या प्रश्नावाचून अडलंय का तुझं?”

नव्हतंच अडलं. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्यांदाच त्याला ‘तू’ लिहिलं.

‘तुझा प्रश्न शाईबरोबर गेला. परत येऊ का म्हणून विचारलं असशील, तर हो, ये. मला बोलावलं असशील, तर हो, येते. दुसरंच काही असेल तर ते तुझ्याकडे ठेव, माझं मात्र हेच आहे. आणि यापुढे पेन्सिलीने लिही.’

चिठ्ठी रिकाम्या बाटलीत घातली. चारला दहा मिनिटं कमी असताना बाटल्यांचं खोकं मी बोटीवर चढवलं.

परत येऊन मी त्याचं शेवाळ नव्या स्पिरिटमध्ये हलवलं. निळं मात्र ओतून दिलं नाही. बूच घट्ट बसवून माझ्या खणात ठेवलंय. त्याचा प्रश्न त्यातच आहे, अक्षर न अक्षर.