फिक्सरची बाटली

राइलीच्या घरी काळी-पांढरी फिल्म धुवायची ती सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या, खोलीत. खिडकी नाही, धूळ नाही; दार लावलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. मुलाला, ओस्करीला, हे काम तिनंच शिकवलं. आधी ओतायचा, फोटो उमटवणारा डेव्हलपर आणि नंतरचा, तो पक्का करणारा फिक्सर सारख्याच तपकिरी बाटल्यांत असायचे, म्हणून त्यानं फिक्सरच्या बाटलीला रबर बँड लावून ठेवला होता. ओतताना तो बँड काढून अंगठ्यात अडकवायचा. "नाहीतर एक दिवस तू आधी फिक्सर ओतशील आणि सगळे फोटो पुसून टाकशील, आई," असं चिडवायचा.

ऑक्टोबरात ओस्करी होडी घेऊन तळ्यात गेला तो गेलाच. होडी रिकामी सापडली. तिच्या बाकाखालच्या पिशवीत कॅमेरा आहे हे राइलीला आज दिसलं. शेवटच्या फोटोंत एखादं बेट ओळखू आलं, तर तिथे शोधता येईल. तळ्याचे काठ गोठू लागले होते.

"अगं, दुकानात देऊ," तिचा नवरा वेइक्को म्हणाला.

"ते आठवडा लावतील. तोवर सगळा बर्फ होईल. तू दार उघडू नकोस, म्हणजे झालं."

अंधारात तिनं फिल्म उजेड आत न शिरणाऱ्या डब्यात भरली, झाकण लावलं, दिवा लावला. बँड नसलेली बाटली उचलून ओतू लागली. मनगटाला एकदम गार लागलं. पाणी उडालं असेल, असं तिला वाटलं.

मग फिक्सरचा आंबूस वास आला. तिनं दुसऱ्या बाटलीकडे पाहिलं. बँड तिलाही नव्हता.

फिल्म काचेसारखी कोरी निघाली. कडेला असतात ते फोटोंचे आकडेसुद्धा उरले नव्हते.

"मीच पुसून टाकलं रे त्याला," राइली म्हणाली. वेइक्कोनं फिल्म सौनातल्या नेहमीच्या खुंटीला वाळत घातली.

वाळल्यावर राइलीनं तिच्या पट्ट्या कापून स्कॅनरमध्ये सरकवल्या.

"कोरी आहे ती, राइली. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"असू दे."

पट्टीमागून पट्टी, पडदा रिकामाच येत होता. शेवटच्या पट्टीवर करडे दाणे उमटले. लाकडी भिंत. खुंटी. बाटली धरलेला बाईचा हात.

"ही तूच आहेस," वेइक्को हळूच म्हणाला. "कोणी काढला हा? दार तर आतून बंद होतं."

तिनं पट्टी काढून दिव्यासमोर धरली. कोरी होती.

परत स्कॅन केली. तोच फोटो आला.

तिनं तो मोठा केला. बाटली धरलेलं तिचं मनगट दुसऱ्या एका हातानं घट्ट पकडलं होतं आणि मागे खेचलं होतं.

त्या हाताच्या अंगठ्यात रबर बँड होता.

बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. फार दिवस पाण्यात राहिल्यावर होते तशी.