उन्हात दिसेल असं घड्याळ

मेहरूण तलावाच्या कडेनं मी धावत होते आणि माझ्या पुढे धावणाऱ्या माणसाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. तो डावं मनगट बघायचा, मग उजवं, मग तोंड वाकडं करून पुन्हा डावं. असं करता करता तो मध्येच थांबला, आणि मी जाऊन त्याच्या पाठीवर आदळले.

“सॉरी,” तो म्हणाला. “मला वाटलं मागे कुणी नाही.”

“दोन-दोन घड्याळं लावूनसुद्धा?”

“मागचं दाखवणारा डिस्प्ले अजून निघालेला नाही.”

चेहरा अगदी गंभीर. हा चेष्टा करतोय की खरंच माहिती देतोय, ते मला कळेना. पुढे कितीतरी दिवस मला त्याचं हेच कळत नव्हतं.

त्या दिवशी जळगावात शर्यत होती. मी धुळ्याहून माझ्या मुलींना घेऊन आले होते. धुळ्यात मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना मैदानावर पळवते. सगळ्या मला मेघाताई म्हणतात. शर्यत संपल्यावर तो पुन्हा समोर आला, दोन केळी घेऊन. त्याचं नाव अर्हम. सराफ बाजाराजवळ त्याच्या वडिलांचं, लालचंदशेठचं, घड्याळांचं दुकान होतं. खेळाची घड्याळं आता दुकानात ठेवायची ठरली होती, आणि कुठली ठेवायची ते अर्हमनं ठरवायचं होतं.

“त्यात ठरवायचं काय?” मी विचारलं.

त्यानं डावा हात पुढे केला. पडदा लखलखीत, रंग असे की मोरपीस ठेवावं शेजारी. “हे एमोलेड. स्वतःच्या उजेडानं चमकतं.” मग उजवा हात. पडदा मळका, जुन्या कॅल्क्युलेटरसारखा. “आणि हे सूर्याच्या उजेडानं दिसतं. ऊन जितकं जास्त, तितकं स्पष्ट. चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. पण गिऱ्हाईक दुकानात ट्यूबलाइटखाली बघतं आणि नाक मुरडतं.”

“मग चमकणारं ठेवा.”

“तुम्ही कुठलं घ्याल?”

“मला दुपारच्या उन्हात पोरींचा टाइम दिसला पाहिजे. घामेजल्या हातानं, झटक्यात.”

तो माझ्याकडे बघत राहिला... केळ सोलायचं विसरून. “मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही मला थोडी मदत कराल का?”

अशी ती रविवारची भानगड सुरू झाली. तो जळगावहून घड्याळ आणायचा, मी आठवडाभर मैदानावर वापरायची, आकडे कागदावर लिहून द्यायची, आणि पुढच्या रविवारी दुसरं घ्यायची. कधी तो धुळ्याला येई, कधी मी निम्म्या वाटेवर पारोळ्यापर्यंत जाई. मधल्या दिवसांत फोन.

“दिसतंय का?” हा त्याचा पहिला प्रश्न.

“हात उचलला की उजळतं. पण एक क्षण थांबून.”

“आणि तो एक क्षण त्रास देतो?”

“देतो. मला वाट बघायला आवडत नाही.”

पलीकडे पेनाची टोपी उघडल्याचा आवाज. मग, “लिहून घेतलं,” असं हळूच.

आता यात लिहून घेण्यासारखं काय होतं?

चैत्रात धुळं तापलं. मळकं घड्याळ त्या उन्हात असं ठसठशीत दिसायला लागलं की मी त्याला मळकं म्हणणं सोडून दिलं. संध्याकाळी घरी आले की मात्र त्यातले आकडे शोधावे लागत. चमकणाऱ्याचं उलट; घरात देखणं, आणि मैदानावर सतत चालू ठेवलं की दोन-तीन दिवसांत चार्जिंग मागणारं. अर्हमला मी हे सांगायची आणि तो त्यावर इतके प्रश्न विचारायचा की आमचे वडील, नाना, ओसरीवरून कान टवकारायचे.

“कोण शे तो?” नानांनी एकदा विचारलं. नानांचं नाव तोताराम पाटील. साक्रीकडच्या शाळांत शिकवण्यात जन्म काढला, पण घरी बोलायला अहिराणीच.

“घड्याळवाला आहे, नाना.”

“घड्याळ बिघडनं का?”

“नाही.”

“मग रोज रोज काय बोलस?”

मलाच ते माहीत नव्हतं.

एका रविवारी आम्ही लळिंगच्या किल्ल्यावर चढलो, उंचावर घड्याळ कसं चालतं ते बघायला. खाली महामार्गावरून ट्रक मुंग्यांसारखे चालले होते. वारा भन्नाट. माझी ओढणी त्याच्या तोंडावर गेली, त्यानं ती अलगद बाजूला केली आणि माझ्या हातात दिली... चहाचा कप द्यावा तशी, दोन्ही हातांनी.

“पुढे काय होणार?” मी विचारलं.

“कशाचं?” तो दचकला.

“घड्याळांचं.”

“हां... घड्याळांचं.” तो सावरून बसला. “मला वाटतं, थोड्या वर्षांनी बहुतेक सगळी चमकणारीच येतील. त्यांचं चार्जिंग वाढत चाललंय, उन्हातही दिसायला लागलीत. मायक्रो एलईडी म्हणून आणखी एक प्रकार आलाय, सगळ्यांत तेजस्वी. पण त्याच्या किमतीत एक स्कूटी येईल, आणि चार्जिंगही अजून फार टिकत नाही.”

“आणि हे माझं? उन्हातलं?”

“ते कमी होत जाईल. पण संपू नये असं मला वाटतं. तुमच्यासारख्यांसाठी राहायला हवं.”

“माझ्यासारखे म्हणजे?”

“जे... बाहेर असतात. ज्यांना उजेडाची भीती नसते.”

मी खाली उतरताना सगळी वाट विचार करत होते. ही स्तुती होती का? की नुसतंच गिऱ्हाइकांचं वर्गीकरण? त्याला विचारावं तर तो घड्याळाबद्दल बोलेल अशी भीती. आणि घड्याळाबद्दल नाही बोलला तर... त्याचीही भीतीच.

श्रावण लागला आणि आईनं सांगितलं, येत्या रविवारी नाशिकहून पाहुणे येणार. मुलगा इंजिनिअर, नाव भूपेंद्र, माणसं चांगली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. काय बोलणार? एक मुलगा मला घड्याळं आणून देतो आणि परत नेतो, एवढंच सांगण्यासारखं होतं.

मग मी ठरवलं, हा गोंधळ आपणच संपवायचा. गुरुवारी, त्याला न कळवता, हातातलं घड्याळ डबीत घातलं आणि जळगावची एसटी धरली.

दुकानात अर्हम नव्हता. गादीवर लालचंदशेठ होते. पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. मी डबी काउंटरवर ठेवली आणि नाव सांगितलं.

“तपासायला दिलेलं घड्याळ परत करायचंय. तुमची ऑर्डर ठरली की सांगा म्हणावं.”

“ऑर्डर?” लालचंदशेठ म्हणाले. “ऑर्डर तर आखाजीलाच गेली, बेटा. निम्मी चमकणारी, निम्मी उन्हातली. माल आला, विकला पण.”

“आखाजीला?” मी काउंटर धरला. अक्षय्य तृतीया होऊन तीन महिने झाले होते.

त्यांनी डबी उघडली, चष्मा खाली घेतला. “आणि हे तर आपल्याकडचं नाहीच. ही कंपनी आपण ठेवत नाही.” घड्याळ उलटंपालटं केलं. “तुम्ही कुठल्या?”

“धुळ्याची.”

“धुळ्याच्या,” ते सावकाश म्हणाले. “तो दर रविवारी धुळ्याला जातो. दुकानदारांना भेटायला, म्हणतो.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या क्षणी दोघांनाही एकच गोष्ट कळत होती. तेवढ्यात अर्हम आत आला, डोक्यावरचं पावसाचं पाणी झटकत. मला बघितलं, वडिलांना बघितलं, डबी बघितली.

“आज गुरुवार आहे,” तो मला म्हणाला. एवढंच सुचलं त्याला.

“मी निघते,” मी म्हणाले आणि बाहेर पडले.

तो मागून आला. बारीक पाऊस होता, रिक्षांची गर्दी, आणि छत्री एकाकडेही नाही. मी भराभर चालत होते, तो शेजारून.

“आखाजीपासून?” मी विचारलं.

“सुरुवातीला खरंच कळत नव्हतं, कुठली ठेवावीत,” तो म्हणाला. “मग तुमच्यामुळे कळलं. घड्याळाचं कळलं आणि... मग यायला कारणच उरलं नाही. म्हणून मित्रांची आणली. एक तर नाशिकच्या दुकानातून विकत घेतलं.”

“मी इकडे पोरींसमोर वेड्यासारखी आकडे लिहीत बसत होते.”

“मी ते सगळे वाचलेत.”

“मला राग आलाय, अर्हम.”

“दिसतंय,” तो म्हणाला. मग घाईनं, “म्हणजे... कळतंय.”

मला हसू आलं, ते मी गालात दाबलं. “रविवारी येऊ नका. नाशिकचे पाहुणे येणार आहेत घरी.”

तो थांबला. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते. “तुला... तुम्हाला चालणार आहेत ते?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारतोय.”

“घड्याळासाठी?”

“नाही, मेघा. घड्याळासाठी नाही.” आवाज इतका हळू की पावसातून तो जेमतेम ऐकू आला. “मला तू हवी आहेस. घरी काय म्हणतील माहीत नाही. तुमच्याकडे वांग्याचं भरीत लागतं आणि आमच्या जैन घरात वांगं येत नाही, दिवेलागणीनंतर कुणी जेवत नाही. कसं जमेल, काही कळत नाही. पण विचारलं नाही तर मी आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं घेऊन फिरेन.”

मी त्याची ओली बाही धरली आणि रस्ता ओलांडला, बस. पलीकडे गेल्यावरही सोडली नाही.

स्टँडवर त्यानं वडिलांना फोन लावला. “पप्पा, मी धुळ्याला जाऊन येतो. तिच्या वडिलांना भेटतो.” बराच वेळ नुसतं ऐकलं. चेहरा उतरला, मग थोडा सावरला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, परत आल्यावर बोलू. आणि म्हणाले, ओल्या कपड्यांत कुणाच्या घरी जाऊ नकोस, वाटेत शर्ट घे.”

हे हो होतं की नाही, ते आम्हा दोघांनाही कळेना.

“नाना भडकतील,” मी म्हणाले.

“भडकू देत.” मग जरा वेळानं, “फार भडकतात का?”

बस सुटली. मी खिडकीशी बसले, तो शेजारी, मधे एक बोटभर जागा सोडून. जळगाव मागे पडलं, केळीच्या बागा सुरू झाल्या, ओल्या मातीचा वास आत आला. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला आणि एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून म्हणाला, “दोघं सोबत का?”

“नाही,” अर्हम म्हणाला.

“हो,” मी म्हणाले.

कंडक्टर थांबून राहिला. अर्हमनं माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे.

“हो,” तो म्हणाला. “सोबतच.”

“मग नीट सांगा ना. धुळे, एक फुल, ताईंचं हाफ,” कंडक्टर पुटपुटला आणि दोन्ही तिकिटं त्यानं माझ्या हातात दिली.