तळाला बसलेलं तेल

दाजी नारकर मंगळवारी दुपारी गेले. पेणकरपाड्यात त्यांची सुगंधी तेलांची शेड होती, तिच्यामागच्या खोलीत, धापा टाकत. बुधवारी सकाळी फौजदार मोहित्यांनी सेलीन टीचरना शाळेतून बोलावून घेतलं. १९७१ साल. सरकारी प्रयोगशाळेचा निकाल यायला महिने लागायचे, आणि जवळपास रसायनशास्त्र शिकवणारी ती एकटीच.

उशाशी पेला होता. शेजारी बाटली, चिठ्ठीवर 'निलगिरी'. दम्यासाठी दाजी सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात दोन चमचे घालून प्यायचे.

"वासावरून काही कळतंय?" फौजदारांनी विचारलं.

"इथे काय कळणार, साहेब? लवंग, कापूर, गवती चहा, सगळं भिंतीत मुरलंय."

सेलीननं पेला उजेडात धरला. उरलेल्या पाण्याच्या तळाशी तेलाचे गोळे बसले होते.

"निलगिरी पाण्यावर तरंगते. हे बुडालंय."

शाळेतून आणलेल्या फेरिक क्लोराइडचे दोन थेंब तिनं पेल्यात सोडले. पाणी जांभळं झालं.

"तळाला बसतं आणि असा जांभळा रंग देतं, म्हणजे विंटरग्रीनचं तेल. सांधेदुखीला वरून चोळतात. पोटात गेलं तर विष."

"म्हणजे विठूच," फौजदार म्हणाले. "पुतण्या. बाटल्या तोच भरतो, शेडही त्यालाच मिळणार. सकाळीच उचललाय."

विठू ओट्यावर हवालदाराशेजारी बसला होता. रडून डोळे सुजलेले.

"टीचर, मी कशाला असं करीन? दाजींचं नाक केवढं तिखट! भलतं तेल भरलं असतं, तर बूच काढताच माझ्या कानाखाली आवाज काढला असता."

सेलीन आत गेली. दाजींची बायको विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्यांना नेमकं काय झालं, मावशी?"

"सोमवारपासून ओकत होते. म्हणायचे, कानात घंटा वाजतायत. मग धाप लागली, ती थांबलीच नाही." त्यांनी डोळे पुसले. "माणूस भारी बेफिकीर. गेल्या आठवड्यात स्टोव्हवर दूध करपून कोळसा झालं. हे शेजारी बसून पेपर वाचतायत!"

शेडमध्ये कामाला असलेली सुलू एकटीच चिठ्ठ्या कापत होती. पस्तिशीची, वाळलेली बाई. तिची लहान मुलगी आशा गणपतीत तापानं गेली, एवढं सेलीनला ठाऊक होतं.

"चिठ्ठ्या तूच लावतेस?"

"हो. विठू भरतो. दाजी बाटली पुढे करायचे, मी वास घेऊन सांगायची कुठलं तेल."

"आणि तू नसलीस की?"

कात्री थांबली. "आशा आजारी होती तेव्हा मी आठ दिवस कामावर नव्हते. विठू पण गावाला गेलेला. दाजींनी स्वतःच भरल्या."

"आशाला औषध कोणी दिलं?"

"दाजींनीच. खोकल्याला निलगिरी."

"शेवटी काय झालं तिला?"

सुलूनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "ओकली. धाप लागली. सारखी कान दाबून धरायची."

सेलीननं फौजदारांना आत बोलावलं.

"साहेब, दाजींना वास येतच नव्हता. दूध करपलं तरी कळलं नाही. धंदा बुडेल म्हणून त्यांनी ते घरातसुद्धा लपवलं. विठूला अजून त्यांच्या नाकाची धास्ती वाटते. ज्याला ती धास्ती आहे, तो त्यांच्या उशाशी विंटरग्रीन ठेवायची हिंमत करणार नाही. ते नाक मेलंय हे एकाच माणसाला ठाऊक होतं. जी त्यांच्या वतीनं वास घ्यायची, तिला."

फौजदार सुलूकडे वळले. ती उभी राहिली.

"पोरीची बाटली फेकली नव्हती मी," ती म्हणाली. "तिला पाजताना सर्दीनं माझंही नाक बंद होतं. शनिवारी काढून हुंगली, तेव्हा कळलं, आत विंटरग्रीन. दाजींना विचारलं. म्हणाले, 'झाली चूक, कुठे बोलू नकोस, शेड बंद पडेल.' मग रविवारी तीच बाटली त्यांच्या उशाशी ठेवली. चिठ्ठी तीच होती. मी काहीच बदललं नाही."

हवालदार तिला घेऊन गेला. विठूला सोडून दिलं, पण तो ओट्यावरून हलला नाही.

संध्याकाळी चौकीत सेलीन जबाब लिहायला बसली. फौजदार खांद्यावरून वाचत होते.

"टीचर, पोरीचं कशाला? ज्याची चूक, तो तर मेला."

"तिच्या मरणाची कुठेच नोंद नाही, साहेब. सगळे म्हणतात, ताप."

फौजदार समोर येऊन बसले. त्यांनी दौत तिच्याकडे सरकवली. सेलीननं नवा कागद घेतला आणि वर लिहिलं: मृताचे नाव, आशा. वय, तीन वर्षे.