न्यूट्रल आहे ना?

गिरणी बंद पडली तेव्हा सहदेव परबने वायरमनचा आपला हात मोटारींकडे वळवला. चार वर्षांत नाहूरच्या फाटकापलीकडे त्याचं छोटं गॅरेज बऱ्यापैकी चालू लागलं. गोष्ट शहाऐंशी सालच्या वैशाखातली. भर दुपारी मुलुंडहून नलिनी कर्णिकांचा निरोप आला. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. त्यांची जुनी काळी मोटार विकायची होती, पण सेल्फ लागत नव्हता.

बंगल्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत डोळ्यांना सरावायला वेळ लागावा असा अंधार. शिळ्या ऑइलचा वास होता, आणि त्यात केसांच्या तेलाचा, नुकतंच कुणी भांग पाडून गेल्यासारखा.

सहदेवने सोबत आणलेली बॅटरी जोडली. दिवे लख्ख लागले, हॉर्न वाजला. म्हणजे करंट होता. पण किल्ली फिरवली तर सेल्फवरच्या सॉलिनॉइडचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या विजेच्या स्विचचा, साधा 'टक्' आवाजही येईना. किल्लीपासून तिथपर्यंतची बारीक वायर कुठेतरी तुटली असणार. त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलला आणली, दांडा हलवून खात्री केली.

"वहिनी, मी खाली असेन तेव्हा कुणीतरी किल्ली धरायला हवी. बसता?"

नलिनीबाई दोन पावलं मागे सरल्या. "मी नको... वरच्या मजल्यावर भाऊजी असतात, त्यांना पाठवते."

त्या गेल्या. सहदेव पुढच्या बाजूने पाठीवर सरपटत इंजिनाखाली शिरला. थोड्या वेळाने गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. गाडी एका अंगाला किंचित दबली.

"आलात भाऊसाहेब? फिरवा किल्ली."

किल्ली फिरली. वायरला लावलेला तपासायचा दिवा काही पेटला नाही. वायर तुटलीच होती.

"आता मी खालून डायरेक्ट करंट देतो. किल्ली ऑन ठेवा फक्त. न्यूट्रल आहे ना?"

हलक्या आवाजात उत्तर आलं, "हो..."

"नक्की?"

"हो... दे."

आवाज फार जवळून आला. सीटवरून नव्हे, गाडीच्या तळाच्या पत्र्याला तोंड टेकवून कुणी बोलावं तसा. सहदेवला ते खटकलं. पण घाम डोळ्यांत उतरत होता, हात अवघडला होता. त्याने सॉलिनॉइडच्या दोन टोकांवर टेकवायला स्क्रू-ड्रायव्हर वर नेला.

"सहदेव! कुणाशी बोलताय?"

नलिनीबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. "भाऊजी नाहीत घरात. वर कुलूप आहे."

तो अंग खरचटत बाहेर आला. गाडीत कुणी नव्हतं. किल्ली ऑन होती. आणि गिअरचा दांडा पहिल्यात पडलेला होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकला असता, तर गाडी त्याच्या अंगावरून जाऊन समोरच्या भिंतीला भिडली असती.

"यांचंही असंच झालं," नलिनीबाई पुटपुटल्या. "मी स्वयंपाकघरात होते. हे खालून विचारत होते, न्यूट्रल आहे ना... आणि कुणीतरी हो म्हणालं. पोलिसांनी विचारलं, आत कोण होतं? काय सांगणार? घरात दुसरं कुणी नव्हतंच."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आला असतात?" त्यांचा आवाज चिरकला. "मला ती गाडी दारातून जायला हवी होती, हो..."

सहदेवला संताप आला, पण त्याने तो गिळला. त्याने बॅटरी काढली. "विकू नका कुणाला. भंगारात देऊ." आणि आत जाऊन टेम्पोवाल्या अंबादासला फोन लावला.

पाचाच्या सुमाराला अंबादास आला. त्याने मोटार टेम्पोमागे दोरीने बांधली. "आता आत कुणी बसायचं नाही," सहदेवने बजावलं. "थांब, पुढची चाकं उचलून घेऊ, म्हणजे स्टिअरिंग धरायला कुणी लागणार नाही." एवढं बोलून तो गाडीचे कागद आणायला बंगल्यात गेला, तोच टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. धावत बाहेर येईतो काळी मोटार कोपऱ्यावरून वळत होती. अगदी अलगद, टेम्पोच्या मागोमाग.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी अंबादास गॅरेजवर हजर.

"काय रे, थांब म्हणतोस नि लगेच माणूस बसवून देतोस? पण झकास होता हां. ब्रेक बरोबर धरत होता. बोलायला मात्र तयार नाही."

"कुठला माणूस?"

"स्टिअरिंगवरचा रे! नाहूरचं फाटक पडलं होतं, तिथे उतरला. मी ओरडलो, अरे, पुढे कोण धरणार? ऐकतोय कुठं! रूळ ओलांडून सरळ इकडेच आला. शेवटी फाटकावरच्या एका पोराला बसवून गाडी पोचवली मी."

अंबादास सहदेवच्या खांद्यावरून आत डोकावत होता. आत, दुरुस्तीला आलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या.

"कामाला ठेवलायस ना त्याला?"