गाणारीची जागा

दुपारी चार वाजले की पितांबर भंगाळे कूलर बंद करायचे. मे महिन्यात, जळगावात, पंचेचाळीस डिग्रीला कूलर बंद करणारा माणूस त्यांच्या कॉलनीत दुसरा नव्हता. पण कूलरच्या घरघरीत रेकॉर्ड ऐकणं त्यांना पटत नसे. पस्तीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलेली. टर्बाइनचा आवाज निवृत्तीनंतरही कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हता. आता शांतता मिळालीच आहे तर ती नीट वापरावी, असं त्यांचं साधं म्हणणं.

त्यांच्याकडे तीनशे बारा रेकॉर्डी होत्या, बहुतेक जॅझ आणि ब्लूजच्या. हा नाद लागला भुसावळला. बावीस वर्षांचे असताना एका संध्याकाळी ते रेल्वे क्लबच्या कुंपणाला सायकल टेकवून उभे राहिले होते. आत नाच चालला होता आणि कोणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं. ते घरी पोचले तेव्हा जेवणं कधीच उरकली होती. पुढे रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघून गेली आणि त्यांचं सामान भंगारात येऊ लागलं. पितांबर सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याकडे पोत्यावर बसून तबकड्या निवडायचे. घरी आणून धुवायचे, मऊ फडक्यानं टिपायचे, आणि एका वहीत लिहून ठेवायचे: कोणत्या तारखेला ऐकली, कोणती बाजू, कुठे खरखर, कुठे सुई उडते. नोकरीत दर तासाला मीटर बघून आकडा लिहायची सवय होती. दिसतं तेच लिहायचं, वाटतं ते नाही.

बायकोला, ज्योत्स्नाबाईंना, या गाण्यांचं फार कौतुक नव्हतं. "एकच रडगाणं किती जण रडतात हो!" असं म्हणायच्या, पण भाजी निवडायला बसायच्या त्याच खोलीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सहा महिन्यांत बरेचसे सुधारले. वाचा मात्र आली नाही. सगळं समजायचं, पण तोंडातून फक्त "ते... ते..." एवढंच निघायचं. ज्या बाईनं आख्ख्या भाजी बाजाराला धारेवर धरलं होतं ती बोटानं मिरच्या दाखवू लागली. आधी चिडायच्या, रडायच्या. मग तेही थांबलं. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, काका. बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं. गाणी म्हणवून घ्या." पितांबरांनी आरत्या लावल्या, जुनी सिनेमाची गाणी लावली, लग्नातली गाणीसुद्धा स्वतः बेसूर गाऊन दाखवली. ज्योत्स्नाबाई नुसत्या बघत राहायच्या.

फेब्रुवारीत भुसावळहून निरोप आला. सुगंधाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या. तरुणपणी त्यांनी रेल्वेच्या एका बंगल्यात काम केलं होतं. बंगल्यातली मंडळी देश सोडून गेली तेव्हा रेकॉर्डींची एक पेटी त्यांच्याकडे राहिली, ती अजून माळ्यावर होती. पितांबर गेले. पेटीतल्या बहुतेक तबकड्या उन्हानं वाकल्या होत्या. एकच सरळ होती. कव्हर नव्हतं, मधला कागद निम्मा फाटलेला, गाणारीचं नाव त्या फाटक्या भागातच गेलेलं.

"लई जाय भाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "मन्हा घर पडेल शे नुसती. ऐकनारं कोनी नही."

नुसत्या पडून राहिलेल्या तबकडीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पितांबर केळ्यांची एक फणी ठेवून आले.

त्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर तिसरं गाणं होतं. संथ ब्लूज. आधी पियानो एकटाच चार ठोक्यांच्या चालीत काहीतरी म्हणायचा, मागे ड्रमवर ब्रश फिरायचा, आणि मग बाई गायला लागायची. जाड, खालचा, थोडा दमलेला आवाज. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायची. ती बाई तिसऱ्या ओळीपाशी किंचित हसायची, दुःखाच्याच गाण्यात. पितांबरांनी तो तुकडा मोबाइलवर टिपून धुळ्याला पारसमलजींना पाठवला. पारसमलजींचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान होतं. खानदेशात हा शौक असलेला पितांबरांच्या माहितीतला हा एकच दुसरा माणूस. लगेच उत्तर आलं: "काय बाई आहे साहेब! कोण ही?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी तेच गाणं लावलं, तेव्हा ज्योत्स्नाबाई खोलीतच बसल्या होत्या. गाणं संपलं. पितांबर सुई उचलायला वाकले.

"परत," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

पितांबर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी सुई पुन्हा त्या गाण्याच्या कडेला ठेवली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बसली.

त्या दिवशी ते गाणं अकरा वेळा लागलं. वहीत तसं लिहिलेलं आहे.

आठवड्याभरात ज्योत्स्नाबाई चाल गुणगुणू लागल्या. महिन्याभरात "पाणी", "पंखा", "नको" आलं. मार्चच्या शेवटी त्यांनी दारावर आलेल्या भाजीवाल्याला सांगितलं, "ही मेथी कालची आहे." पितांबर आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि टॉवेल तोंडाशी धरून रडले. वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" ज्योत्स्नाबाईंचा आवाज थोडा घोगरा, खालचा लागत होता. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं गळा वापरात नव्हता, होतं असं. पितांबरांना त्याचं काहीच नव्हतं. कोणत्या का पट्टीत होईना, घरात बोलणं सुरू झालं होतं.

हा माणूस कधी देवासमोर फार वेळ उभा राहिला नव्हता. आता रोज चार वाजता रेकॉर्ड लावण्याआधी तो तिला हात जोडू लागला. "बाई," ते मनात म्हणायचे, "तुमचं नाव मला माहीत नाही. पण उपकार झाले तुमचे."

रेकॉर्डमधला फरक आधी त्यांच्या वहीत आला. "१२ एप्रिल. गाणारीचा आवाज किंचित दबलेला. सुई साफ केली." "१५ एप्रिल. सुई बदलली. फरक नाही. पियानो स्वच्छ." "१९ एप्रिल. शब्द कळत नाहीत. बाई माइकपासून लांब उभी असल्यासारखी." तबकडी झिजते हे त्यांना माहीत होतं. पण तबकडी झिजली तर सगळंच झिजतं. ब्रशचा बारीक सरसर आवाजसुद्धा पहिल्यासारखा होता. कमी होत होती ती एकटी बाई.

एप्रिलच्या अखेरीला ज्योत्स्नाबाई पूर्ण वाक्यं बोलत होत्या आणि रेकॉर्डवर गाणारी नव्हती.

पितांबर तबकडी घेऊन सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेले. पारसमलजींनी दुकान नोकरांवर सोडलं, वरच्या खोलीत नेलं, आपल्या मशीनवर रेकॉर्ड लावली. दोघं ऐकत बसले. पियानोनं आपलं म्हणणं संपवलं. ब्रश फिरत राहिला. बाईनं गायचं त्या जागी फक्त वाद्यं वाजत होती, हळू, कोणाला तरी साथ दिल्यासारखी. सॅक्सोफोन मधेच यायचा, ती ओळ संपवते तिथे भरायला. ओळ नव्हतीच.

"ही दुसरी रेकॉर्ड आहे," पारसमलजी म्हणाले.

"हीच आहे. कागद बघा ना, कसा फाटलाय."

पारसमलजींनी मोबाइल काढला. फेब्रुवारीतला तुकडा वाजवला. त्यात बाई गात होती, हसत होती. मागे पितांबरांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक होती. पारसमलजींनी तो एकदाच वाजवला आणि फोन पालथा ठेवला.

"भाभीजी कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"बोलायला लागल्या."

"पूर्ण?"

"पूर्ण."

पारसमलजींनी तबकडी मशीनवरून उचलून दोन्ही हातांनी पितांबरांना दिली. "मग साहेब, ही रेकॉर्ड जपा," ते म्हणाले. "आणि फार विचारू नका कोणाला."

पितांबर परतले तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी शेवभाजी केली होती. जेवताना त्या कॉलनीतल्या तीन घरांची भांडणं सविस्तर सांगत होत्या. पितांबर ऐकत होते. इतकं सुख त्यांना आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की हे कोणीतरी दिलेलं आहे. "परत मागू नका, बाई," ते हात धुताना पुटपुटले.

मुलगी रोशनी बंगळूरला असायची. आईचं बोलणं परत आलं हे त्यांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सात मेला तिचा वाढदिवस, त्या दिवशीच फोनवर ऐकवायचं ठरलं होतं. ज्योत्स्नाबाई सकाळपासून तयारीत. पितांबरांनी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि शेजारी कान लावून उभे राहिले.

"रोशे, वाढदिवसाच्या शुभेच्छा गं बाळा. ओळखलंस का?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"अगं, बोल की. आई बोलतेय."

"बाबा आहेत का जवळ?" रोशनीनं विचारलं. पितांबरांनी फोन घेतला. मुलीचा आवाज दबलेला होता. "बाबा, या कोण आहेत? आईला त्रास देऊ नका ना असला. तिला फोन द्या, ती नुसती ऐकेल."

"आईच आहे ती, रोशनी."

"बाबा, मला आईचा आवाज माहीत नाही का?"

ज्योत्स्नाबाई हसत त्यांच्याकडे बघत होत्या. पितांबरांनी फोनचं बटण दाबून व्हिडिओ सुरू केला. रोशनीनं आईचा चेहरा पाहिला, ओठ हलताना पाहिले, आणि रडायला लागली. ती आनंदानंच रडत होती. निदान आधी तरी. मग मायलेकी अर्धा तास बोलल्या. फोन ठेवताना रोशनी म्हणाली, "आई, तू बोलताना मधेच अशी हसतेस. पूर्वी नव्हतीस हसत."

त्या दुपारी पितांबरांनी रेकॉर्ड लावली.

पियानो सुरू झाला. बाईनं सुरुवात करायची त्या जागी आला. थांबला. आणि मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून वाजू लागला.

पितांबर उठून प्लेअरपाशी गेले. सुई अडकली नव्हती. ती आत सरकत होती, नेहमीसारखी. पियानोनं तीच चाल दुसऱ्यांदा संपवली, मग गाणं पुढे गेलं.

वहीत त्यांनी लिहिलं: "७ मे. सुरुवात १८ सेकंदांची होती. आज ३६."

आठ मेला एक मिनिट बारा सेकंद.

नऊ मेला सॅक्सोफोन आलाच नाही.

दहा मेला ड्रमवरचा ब्रश थांबला होता. नुसता पियानो. चार ठोके, चार ठोके. शेवटची दोन गाणी लागलीच नाहीत. बाजू संपेपर्यंत तो एकच माणूस तेच वाजवत बसला होता, न कंटाळता. मधे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी खाकरलं. दोन माणसं दबक्या आवाजात काहीतरी बोलली.

सुई मधल्या कोऱ्या भागात गेली तेव्हा पितांबरांच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ उभेच आहोत.

त्यांनी तबकडी पुसली. स्वच्छ कागदात गुंडाळली. तिला डोक्याला लावलं आणि कपाटात सगळ्यांत वर, हात पुरणार नाही अशा जागी ठेवली. लावायची नाही, असं ठरवलं. राग नव्हता, भीतीही म्हणावी अशी नव्हती. आजारी माणसाला उठवून ज्यानं घर भरून दिलं, त्याच्याबद्दल मनात वाईट कसं आणायचं? त्यांनी हात जोडले आणि कपाट लावून घेतलं.

तीन दिवस गेले. बुधवारी सकाळपासून वीज नव्हती. पंखा बंद, कूलर बंद, प्लेअरची वायर काढून ठेवलेली. ज्योत्स्नाबाई खुर्चीवर बसून मांडीवरच्या ताटात गवार निवडत होत्या. पितांबर समोर पेपर घेऊन वारा घालत होते. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"एवढं केलं त्यांनी आपल्यासाठी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "एकदा जाऊन यायला पाहिजे. बरं दिसत नाही."

पितांबरांचा पेपर थांबला. "कुठे?"

"माणसं किती वेळ थांबतील बिचारी?"

"कोण माणसं, ज्योत्स्ना?"

त्यांनी मान वर केली. "कोणती माणसं?"

"तूच म्हणालीस आत्ता."

"मी? मी कुठे काय बोलले?" त्या किंचित हसल्या आणि ताटातली पुढची शेंग घेतली.

पितांबरांची नजर खाली गेली. ज्योत्स्नाबाईंची चप्पल फरशीवर हलकेच वाजत होती. चार ठोके. मग जरा थांबून, पुन्हा पहिल्यापासून.